सेलूकडील कागद व खुनाचा कायदा

जुन्या कागदांत ‘खून’ हा शब्द दिसतांच संग्राहकाची नजर मारणाऱ्याचें नांव शोधूं लागते. आमच्या मतें अगोदर पाहावें तें हें कीं, दाद मागतो कोण, आणि भरपाई कोणाच्या पदरीं पडते.

मराठी अमलांत खुनाचा कज्जा पुष्कळदां गोतापुढें येई. मृताच्या वारसांस जमीन अथवा वतनाचा हिस्सा देवविल्याचे दाखले आहेत. सरकार आपली गुन्हेगारी निराळी घेई. नारायणराव पेशव्यांच्या वधाबद्दल (३० ऑगस्ट १७७३) रामशास्त्र्यांनीं राघोबादादांस सांगितल्याचें प्रसिद्ध आहे तेंही देहांत प्रायश्चित्त. तो शब्द दंडाचा नव्हे, पापाचा आहे; इतिहासकार हा भेद सहसा चटकन् ओलांडून जातात.

सेलू निजामाच्या राज्यांत. इस्लामी धर्मशास्त्रांत ‘किसास’ म्हणजे जिवास जीव, व ‘दियत’ म्हणजे रक्तमूल्य. घ्यावें कीं माफ करावें, हें वारसांनीं ठरवावयाचें. हनफी मतानें खुनाचा हेतु हत्यारावरून ओळखीत. बंगाल्यांत कॉर्नवॉलिसनें १७९० सालीं हत्यार सोडून हेतु पाहण्याचें ठरविलें, आणि लौकरच वारसांचा माफीचा अधिकारही मोडला. खून हें घराचें दुःख होतें, तें सरकारचें फिर्यादपत्र झालें. गोताच्या कागदांची परंपरा येथेंच तुटते.

१८६० चें हिंदी दंडविधान १ जानेवारी १८६२ पासून अमलांत आलें. त्याच्या २९९ व ३०० या कलमांत सदोष मनुष्यवध व खून यांची सीमा आंखली आहे. ती आजही वकिलांस घाम फोडते. परंतु तें सेलूस लागू नव्हतें. हैदराबाद संस्थानाचा दंडविधान निराळा होता. हिंदी दंडविधान तेथें १ एप्रिल १९५१ रोजीं आलें, आणि सेलू मुंबई राज्यांत आलें तें १ नोव्हेंबर १९५६ रोजीं. म्हणून सेलूकडील फौजदारी कागदास पुण्यामुंबईची कलमें लावणें चूक होय. कागद बहुधा उर्दू, साल फसली. त्यांत ५९० किंवा ५९१ मिळविले म्हणजे इसवी सन निघतो.

पुढील सुधारणा थोडक्यांत सांगतों. जन्मठेपेच्या कैद्यानें खून केल्यास फांशीच, असें सांगणारें ३०३ वें कलम सर्वोच्च न्यायालयानें १९८३ सालीं रद्द केलें. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आहे. तिच्या १०० व १०१ कलमांत जुनी व्याख्या बहुतांशीं तशीच आहे; नवें तें १०३ व्या कलमांत, पांच अथवा अधिक जणांनीं जात, भाषा इत्यादि कारणांवरून केलेल्या खुनाबद्दल. वारसांस आरोपीच्या सुटकेविरुद्ध अपील करण्याचा हक्क मात्र २००९ च्या अखेरीस मिळाला. दोन शतकें दाराबाहेर उभा राहिलेला माणूस पुन्हा आंत आला. माफी देण्याचा अधिकार मात्र त्यास परत मिळालेला नाहीं.

सेलू, पाथरी, जिंतूर या बाजूचे महजर ज्यांच्या संग्रहीं असतील त्यांस आमची विनंति आहे कीं, नक्कल करितांना शेवटच्या निशाण्या गाळूं नयेत. नांगराच्या निशाणीशेजारीं वारसाचें नांव बहुधा तेथेंच असतें.