सांघिक अध्यापन

सांघिक अध्यापन : दोन किंवा अधिक शिक्षकांनी एकाच विद्यार्थिगटाच्या अध्यापनाचे नियोजन, प्रत्यक्ष अध्यापन आणि मूल्यमापन एकत्रितपणे करण्याची पद्धती. तिला टीम टीचिंग असेही म्हणतात. एका वर्गाला मराठी, गणित, विज्ञान असे विषय वेगवेगळ्या शिक्षकांनी आपापल्या तासिकांना शिकवणे हे सांघिक अध्यापन नव्हे. एकच घटक, एकच पाठ टाचण आणि निकालाची सामायिक जबाबदारी या तीन गोष्टी त्यासाठी आवश्यक मानल्या जातात. संघातील सर्व जण वर्गात एकाच वेळी हजर असलेच पाहिजेत असे नाही. नियोजन मात्र सर्वांचे असावे लागते. महाराष्ट्रात ही संज्ञा विशेषतः अध्यापक महाविद्यालयांत रूढ आहे. तेथे समान दर्जाचे छात्राध्यापक मिळून शालेय वर्गावर असे पाठ घेतात.

पूर्वपीठिका : एका वर्गात अनेकांनी शिकवण्याची रीत जुनी आहे. महाराष्ट्रातील पंतोजींच्या शाळांत थोरली मुले धाकट्यांकडून पाढे आणि उजळणी घोकून घेत. मद्रासजवळील एग्मोर येथील अनाथ मुलांच्या आश्रमशाळेचे काम अँड्र्यू बेल यांनी 1789 मध्ये हाती घेतले. देशी शाळांतील मुले वाळूत बोटाने अक्षरे गिरवतात हे पाहून त्यांनी ती रीत उचलली आणि मुलांनाच मुलांचे शिक्षक नेमले. त्यांचा वृत्तांत 1797 मध्ये लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. पुढच्याच वर्षी जोसेफ लँकेस्टर यांनी लंडनमधील बरो रोडवर शाळा काढली आणि तेथे अशाच पद्धतीचा अवलंब केला. या ‘मॉनिटर’ पद्धतीत शिक्षक एकच असे. मॉनिटर त्याचे हस्तक होते. समकक्ष शिक्षकांचा संघ ही कल्पना नंतरची.

आधुनिक सांघिक अध्यापनाची सुरुवात अमेरिकेत झाली. दुसऱ्या महायुद्धानंतर शाळांतील मुलांची संख्या वाढली आणि शिक्षक अपुरे पडू लागले. अशा काळात हार्व्हर्ड विद्यापीठाच्या सहकार्याने मॅसॅचूसेट्समधील लेक्सिंग्टनच्या फ्रँकलिन या प्राथमिक शाळेत 1957 मध्ये हा प्रयोग झाला. तेथील संघात संघनायक, ज्येष्ठ शिक्षक, शिक्षक आणि साहाय्यक अशी उतरंड होती. माध्यमिक शाळांसाठी जे. लॉइड ट्रम्प यांनी वेळेची वेगळी वाटणी सुचवली : 40 टक्के वेळ मोठ्या गटाला व्याख्यान, 20 टक्के लहान गटात चर्चा आणि 40 टक्के स्वयंअध्ययन. इटलीतील रेज्जो एमिल्या येथे लोरिस मालागुत्सी यांच्या मार्गदर्शनाखाली 1963 पासून उभ्या राहिलेल्या नगरपालिकेच्या बालशाळांनी उतरंड टाळली. तेथे एका वर्गाला समान दर्जाच्या दोन शिक्षिका असतात. जपानमध्ये 1987 पासून जेट योजनेखाली आलेले परदेशी साहाय्यक आणि स्थानिक शिक्षक इंग्रजीचा तास जोडीने घेतात.

प्रकार : लिन कुक आणि मॅरिलिन फ्रेंड यांनी 1995 मध्ये सहअध्यापनाचे पाच प्रकार मांडले. पहिल्यात एक जण शिकवतो व दुसरा वर्गात फिरून मदत करतो. दुसऱ्यात वर्गात निरनिराळी कार्यकेंद्रे मांडतात आणि मुलांचे गट आळीपाळीने त्यांवरून फिरतात. तिसऱ्यात वर्गाचे दोन भाग करून तोच आशय समांतर शिकवला जातो. चौथ्यात मागे पडलेल्या किंवा पुढे गेलेल्या मुलांचा लहान गट वेगळा बसवतात. पाचव्यात दोघे एकाच वेळी, संवाद करत पाठ पुढे नेतात. पहिला प्रकार जमायला सर्वांत सोपा. परंतु त्यातील दुसरा शिक्षक केवळ वह्या वाटणारा ठरण्याचा धोका असतो. पाचव्याला परस्परविश्वास सर्वाधिक लागतो.

छात्राध्यापकांचे सांघिक पाठ : महाराष्ट्रातील अनेक विद्यापीठांच्या बी.एड. अभ्यासक्रमांत सूक्ष्म अध्यापन, सेतुपाठ आणि सराव पाठ यांच्या जोडीने सांघिक अध्यापनाचे प्रात्यक्षिक असते. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या 2014 च्या नियमांनी बी.एड. दोन वर्षांचे झाले आणि त्यात किमान 20 आठवडे शाळेत काम करणे आले. या छात्रसेवाकालात तीन ते पाच छात्राध्यापकांचा संघ एक घटक निवडतो, त्याचे उपघटक पाडतो, संयुक्त टाचण लिहितो आणि मार्गदर्शक प्राध्यापकांकडून ते तपासून घेतो. फलकलेखन, साधने, प्रश्न, कृती आणि निरीक्षण यांची वाटणी आधीच ठरते. वर्गाचा ताबा एकाकडून दुसऱ्याकडे जातो त्या जागेला जोडवाक्य लागते. मागच्याने काय सांगितले ते पुढच्याने एका प्रश्नात गुंफले नाही, तर मुलांना चार तुटक पाठ ऐकल्यासारखे वाटते.

उदाहरणादाखल पाचवीच्या वर्गातील ‘अपूर्णांकांची तुलना’ हा घटक घेता येईल. पहिला छात्राध्यापक फळ्यावर एक छेद दोन आणि एक छेद चार लिहून मोठा कोणता ते विचारतो. पुढच्या बाकांवरून बरोबर उत्तर येते आणि पाठ पुढे सरकतो. खिडकीपाशी निरीक्षण वही घेऊन उभ्या असलेल्या दुसऱ्याला मात्र मागच्या बाकावरचे पुटपुटणे ऐकू येते : चार मोठा, म्हणून एक छेद चार मोठा. शिकवणाऱ्याच्या कानावर ते गेलेले नसते. ठरलेल्या खुणेनुसार दुसरा पुढे येतो आणि विचारतो, ‘दुकानातून पाव किलो साखर आणायची की अर्धा किलो, जास्त कोणती?’ मुले एका सुरात उत्तर देतात, कारण दुकानात ही चूक त्यांच्याकडून होत नाही. तिसरी छात्राध्यापिका सारख्या लांबीच्या कागदी पट्ट्या वाटते. एक पट्टी मधोमध दुमडायची, दुसरी दोनदा. घड्या मोजल्यावर तुकडे वाढले की तुकडा लहान होतो, हे मुले स्वतःच सांगतात. चौथा तेवढ्या वेळात पट्टी दुमडता न येणाऱ्या तीन-चार मुलांजवळ बसतो. एकट्या शिक्षकाला अशा वेळी फळा आणि मागचा बाक यांतून एकच निवडावा लागला असता.

पाठ संपल्यावर संघ एकत्र बसून चर्चा करतो. निरीक्षण वहीत ‘वर्गनियंत्रण चांगले’, ‘आवाज स्पष्ट’ असे शेरे लिहिण्याची सवय असते. त्यांतून काही हाती लागत नाही. कोणत्या प्रश्नाला कोणी काय उत्तर दिले, कोणते मूल तासभर गप्प होते, अशा नोंदी पुढच्या पाठाला उपयोगी पडतात.

गुण आणि मर्यादा : प्रत्येकाला आपले बळ वापरता येते : कोणाचे अक्षर सुरेख, कोणाला गोष्ट सांगता येते, कोणाचा प्रयोगात हात बसलेला असतो. मुलांना एकाच आशयाची निरनिराळी स्पष्टीकरणे मिळतात. नवख्याचे वर्गापुढचे दडपण कमी होते. उलट बाजूस, नियोजनाला एकट्याच्या पाठापेक्षा जास्त वेळ लागतो आणि शाळेच्या वेळापत्रकात त्यासाठी तासिका नसते. एकाने दुसऱ्याला मुलांदेखत दुरुस्त केले, तर दोघांचाही मान उतरतो; म्हणून खूण व शब्द आधी ठरवावे लागतात. कामाची असमान वाटणी ही नेहमीची तक्रार. टाचण एकाने लिहायचे आणि इतरांनी उतरवून घ्यायचे, असे झाले की नावापुरताच संघ उरतो. गुण संघाला द्यावेत की व्यक्तीला, हा परीक्षकांपुढचा प्रश्नही यातूनच येतो.

शाळेत दोन शिक्षक असणे आणि सांघिक अध्यापन असणे यांत अंतर आहे. 1987 च्या खडू-फळा मोहिमेने प्रत्येक प्राथमिक शाळेला किमान दोन शिक्षकांचे उद्दिष्ट ठेवले; 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार प्राथमिक स्तरावर 60 पर्यंत मुलांसाठी दोन शिक्षक असतात. अशा दोन शिक्षकी शाळेत चार-पाच इयत्ता दोघे वाटून घेतात. ते बहुवर्ग अध्यापन होय. परिसर अभ्यास, कार्यानुभव यांसारख्या विषयांना इयत्ता एकत्र बसवून दोघांनी मिळून शिकवले, तरच ते सांघिक ठरते.

छात्राध्यापकांचा संघ अभ्यासक्रमाबरोबर संपतो आणि नोकरीत रुजू झाल्यावर बहुतेकांना वर्ग एकट्यानेच घ्यावा लागतो. सहकाऱ्यासमोर शिकवण्याचा संकोच जाणे आणि त्याने दाखवलेली चूक त्याच तासिकेत दुरुस्त करता येणे, एवढे जरी सांघिक पाठांतून साधले, तरी त्यांचा हेतू सफल होतो.