भीमथडीचं तट्टू आणि घोडेबाजाराचा इतिहास

आज घोड्याबद्दल बोलायचंय, पण लढाईतल्या नव्हे, बाजारातल्या. इतिहासात आपण स्वार मोजतो. त्या स्वारानं घोडा आणला कुठून, हे विचारत नाही.

सोलापूरच्या किल्ल्यासाठी आदिलशाही आणि निजामशाही पिढ्यान्‌पिढ्या भांडल्या. या सुलतानांना घोडा हवा असे तो अरबी. तो समुद्रावरून यायचा. 1510 मध्ये पोर्तुगिजांनी गोवा घेतला, त्यामागे या व्यापाराचंही मोठं आकर्षण होतं. पण जहाजातून उतरलेला महागडा घोडा साध्या शेतकऱ्याला कुठून परवडणार? त्याचा घोडा नदीकाठीच होता. थडी म्हणजे काठ. भीमेच्या काठचं ते भीमथडी तट्टू. अरबी आणि तुर्की रक्त देशी तट्टांत मिसळून ही जात घडली, असं मानतात.

दिसायला बेताचं, उंचीनं कमी. पण खूर कणखर, चारा जेमतेम आणि चढ-उताराला घाबरत नाही. स्वारी करा, ओझं लादा, सगळ्याला तेच.

आता हिशेबाची गोष्ट बघा. शिवाजी महाराजांच्या घोडदळात दोन तऱ्हेचे स्वार होते. बारगिराला घोडा सरकारी पागेतला. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, त्यांच्या दिमतीला एक पखालजी आणि एक नालबंद. शिलेदार मात्र स्वतःचा घोडा घेऊन यायचा. म्हणजे घोडा हे त्याचं भांडवल. घोडा मेला की शिलेदाराची रोजीरोटीच धोक्यात! मग असा माणूस घोडा घेताना रंगरूपावर भाळेल का?

पारख कशी करायची? दात बघून वय ठरवायचं. खूर उचलून बघायचे. देवमणासारखे भोवरे बघायचे, कारण शुभ-अशुभावर श्रद्धा होती आणि आजही गिऱ्हाईक ते विचारतंच. मग चालवून बघायचा. सौदा रुमालाखाली बोटं धरून. भाव दोघांनाच कळणार. आपण परीक्षेच्या वेळी ‘घोडामैदान जवळच आहे’ म्हणतो ना? ते याचसाठी. विकणारा काहीही सांगो, मैदानात उतरल्यावर खरं काय ते कळतं.

जवळच्या माणसाकडून घेण्याचा फायदा इथेच आहे. दूरचा सौदागर बाजार उठला की गेला. शेजारच्या गावच्या माणसाची घोडी तुम्ही पाहिलेली असते, शिंगरू तिच्या मागं फिरताना पाहिलेलं असतं. खोड लपवली तर पुढच्या बाजाराला तोच माणूस पुन्हा समोर येणार. ही ओळख म्हणजेच हमी.

1818 च्या मे महिन्यात मन्रोनं सोलापूरचा किल्ला घेतला. पेशवाई संपली, पागा मोडल्या, शिलेदार नांगराकडे वळला. घोड्याला गिऱ्हाईकच उरलं नाही. मग भीमथडी टिकलं कुणाकडे? मेंढपाळांकडे. पुणे, सातारा, नगर, सोलापूरकडचे धनगर आजही बिऱ्हाड तट्टावर लादून चराईला निघतात. भांडी, कोकरं, लेकरं, सगळं त्याच पाठीवर.

दिवाळीच्या सुमारास आपल्या जिल्ह्यात अकलूजला घोडेबाजार भरतो. जा, बघा. मारवाडी, काठेवाडी, पांढरेशुभ्र नुकरा, उंच आणि देखणे. लोक त्यांच्याभोवती गोळा होतात. हौसेला ते चांगलेच. पण आपल्याच बाजारात भीमेकाठचं तट्टू शोधावं लागतं. आपल्या राज्यगीतात त्याचा उल्लेख आहे आणि अलीकडे स्वतंत्र जात म्हणून सरकारी नोंदही झाली. नोंदीनं नाव टिकतं. जात टिकते ती कुणी विकत घेऊन कामाला लावली तरच.

म्हणून तुमच्यापैकी कुणाला रपेटीला, शेतावर जायला, पोरांना शिकवायला एकच घोडा घ्यायचा असेल, तर आधी वाड्यावरच्या मेंढपाळाला विचारा. खूर उचला, दात बघा आणि दोन कोस चालवून आणा. तीनशे वर्षांपूर्वीच्या शिलेदारानंही हेच केलं असतं.