पुस्तक पडद्यावर कसे आले?
(डिजिटल ग्रंथ उघडण्याच्या साधनांचा अल्प इतिहास)

ग्रंथालयांचा इतिहास सांगताना आपण बहुधा संग्रह करणाऱ्यांची नावे घेतो. पाटण्याच्या खुदाबक्ष खान यांनी आपले हस्तलिखितांचे भांडार १८९१ साली सर्वांस खुले केले, ही गोष्ट आपण अभिमानाने सांगतो, आणि ते योग्यच आहे. परंतु संग्रह करणे आणि संग्रह वाचकाच्या हाती पोचविणे ही दोन निराळी कामे होत. कागदाचे पुस्तक उघडावयास डोळे, उजेड आणि लिपीची ओळख एवढे पुरते. संगणकात साठविलेल्या पुस्तकाचे तसे नाही. तेथे वाचक आणि पान यांच्यामध्ये एक आज्ञावली, म्हणजे सॉफ्टवेअर, उभी असते. ती पान दाखवील तरच पान दिसते. ती बंद पडली तर पुस्तक शाबूत असूनही वाचता येत नाही. या आज्ञावलींचा इतिहास जेमतेम पन्नास वर्षांचा आहे. पण आज आपली मुले मोबाईलवर जे काही वाचतात ते या इतिहासातूनच त्यांच्यापर्यंत आलेले असल्यामुळे तो समजून घेणे अगत्याचे आहे.

प्रारंभ : नुसती अक्षरे

४ जुलै १९७१ रोजी अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात मायकेल हार्ट या तरुणाने अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा संगणकावर टंकलिखित केला आणि तो इतरांस उपलब्ध करून दिला. ‘प्रोजेक्ट गटेनबर्ग’ या उपक्रमाची ती सुरुवात होय. तो मजकूर केवळ मोठ्या रोमन अक्षरांत होता. ना चित्र, ना ठळक अक्षर, ना समास. परंतु या साधेपणातच त्याचे बळ होते. नुसती अक्षरे असलेला मजकूर कोणत्याही यंत्रावर उघडतो. त्यासाठी खास साधन लागत नाही. म्हणूनच तो मजकूर आजही वाचता येतो.

आपली अडचण मात्र येथेच सुरू झाली. त्या काळच्या अमेरिकन संकेतपद्धतीत अवघ्या १२८ जागा होत्या. त्यांत रोमन अक्षरे, अंक आणि विरामचिन्हे बसली. देवनागरीस आणि उर्दूस जागाच नव्हती. पुढे भारतात भारतीय लिपींसाठी एक संकेतपद्धती ठरविण्यात आली आणि १९९१ साली ‘युनिकोड’ या जागतिक पद्धतीच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरी व अरबी या दोन्ही लिप्यांस स्थान मिळाले. परंतु ही पद्धती छापखान्यांत आणि कचेऱ्यांत रुजावयास पुष्कळ वर्षे गेली. मधल्या काळात मराठी अक्षरजुळणी निरनिराळ्या कंपन्यांच्या फाँटांवर झाली. त्यांत पडद्यावर ‘शाळा’ असे दिसे. पण आत साठविलेली असत ती भलतीच रोमन अक्षरे. उर्दूची तीच कथा. पिढ्यान्‌पिढ्या कातिबांच्या हातून उतरलेली नस्तालीक लिपी १९९४ साली दिल्लीत तयार झालेल्या ‘इनपेज’मुळे घरोघरच्या संगणकावर आली, ही मोठीच सोय झाली, परंतु त्या आज्ञावलीचीही संकेतपद्धती आपली स्वतःची होती. त्या काळातील मराठी-उर्दू पुस्तके डोळ्यांना सुंदर दिसतात. पण त्यांत एखादा शब्द शोधू गेल्यास तो बहुधा सापडत नाही.

पान जसेच्या तसे

दुसरा मार्ग असा की, अक्षरांच्या मागे न लागता छापील पानच जसेच्या तसे पाठवावे. ॲडोबी कंपनीचे एक संस्थापक जॉन वॉर्नॉक यांनी १९९१ साली एका टिपणात ही कल्पना मांडली. कोणत्याही यंत्रावर तयार झालेला कागद दुसऱ्या कोणत्याही यंत्रावर हुबेहूब तसाच दिसावा, हा त्यांचा उद्देश. १९९३ साली ती पीडीएफ या नावाने बाजारात आली. प्रारंभी ती वाचण्याची आज्ञावलीही विकत घ्यावी लागे; पुढे कंपनीने ती मोफत केली आणि मगच पीडीएफचा खरा प्रसार झाला. २००८ साली तिचे नियम आंतरराष्ट्रीय मानक म्हणून जाहीर झाले. म्हणजे आता कोणासही परवानगी न मागता पीडीएफ उघडणारी आज्ञावली लिहिता येते. एका कंपनीची मालमत्ता सर्वांच्या उपयोगाची झाली, हा या इतिहासातील महत्त्वाचा टप्पा मानला पाहिजे.

जुन्या ग्रंथांचा प्रश्न याहून बिकट होता. ते संगणकावर जुळविलेले नव्हते. त्यांची छायाचित्रेच घ्यावी लागत. विद्यार्थी मित्रांनी येथे थोडे गणित करून पाहावे. टंकलेखनाच्या कागदाएवढे एक पान दर इंचास ३०० ठिपके या प्रमाणात रंगीत टिपले, तर सुमारे ८७ लाख ठिपके होतात. प्रत्येक ठिपक्यास तीन बाइट धरल्यास एका पानास सुमारे २६ मेगाबाइट जागा लागते. १९९० च्या दशकाच्या अखेरीस दूरध्वनीच्या तारेवरून सेकंदास जास्तीत जास्त ७ किलोबाइट येत. या हिशेबाने एक पान यावयास तासाभराहून अधिक वेळ लागला असता! तीनशे पानांच्या पुस्तकाचा विचारच नको.

या अडचणीवर अमेरिकेतील एटी अँड टी कंपनीच्या प्रयोगशाळेत यान लकून, लेओं बोतू आणि त्यांचे सहकारी यांनी उपाय शोधला. त्याचे नाव ‘डेजावू’. त्यांची युक्ती सोपी पण कुशाग्र होती. पानाचे दोन थर करावयाचे : कागदाचा रंग व डाग यांचा मागचा थर आणि शाईच्या अक्षरांचा पुढचा थर. मागचा थर थोडा धूसर झाला तरी वाचकाचे काही बिघडत नाही. म्हणून तो अगदी थोडक्यात साठवावा. अक्षरांचा थर मात्र रेखीव ठेवावा आणि एकच आकार पुन्हा पुन्हा आला तर तो एकदाच साठवून पुढे फक्त त्याच्या जागा नोंदवाव्यात. अशा रीतीने एक पान साठ-सत्तर किलोबाइटमध्ये बसू लागले आणि तासाभराचे काम दहा सेकंदांवर आले.

आपल्या लिप्यांना या युक्तीचा लाभ तुलनेने कमी झाला, हेही ध्यानात घेण्यासारखे आहे. रोमन छपाईत प्रत्येक अक्षर सुटे असते, त्यामुळे तेच आकार हजारदा सापडतात. देवनागरीत शिरोरेषेने सारा शब्द एकत्र बांधलेला असतो. आणि कातिबाने लिहून शिळाछापावर छापलेल्या उर्दू किताबात तर कोणतेही दोन ‘अलिफ’ अगदी तंतोतंत सारखे नसतात.

आकारांची अशी बचत करताना धोकाही संभवतो. २०१३ साली जर्मनीतील एका संगणकतज्ज्ञाच्या लक्षात आले की, झेरॉक्स कंपनीची काही यंत्रे प्रत काढताना ६ च्या जागी ८ छापीत होती. दोन आकार सारखे आहेत असे यंत्राने परस्पर ठरविले होते! प्रत स्वच्छ दिसते म्हणून ती अचूक असतेच असे नाही, हा धडा प्रत्येक विद्यार्थ्याने मनावर कोरून ठेवावा.

भारतातील मोठा प्रयोग

कार्नेगी मेलन विद्यापीठातील भारतीय वंशाचे शास्त्रज्ञ प्रा. राज रेड्डी यांनी या शतकाच्या प्रारंभी दहा लाख ग्रंथ संगणकावर आणण्याची योजना हाती घेतली. भारतात तिची धुरा बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेने वाहिली आणि त्यातून ‘डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया’ उभी राहिली. संस्कृत, मराठी, उर्दू, फारसी, बंगाली, तेलुगू अशा कितीतरी भाषांचे दुर्मिळ ग्रंथ त्यांत आले. एखाद्या तालुक्याच्या गावातील विद्यार्थ्यास जे पुस्तक आयुष्यात पाहावयास मिळाले नसते, ते त्याच्यासमोर उघडू लागले. हे कार्य थोर होते यात शंका नाही.

पण पुस्तक उघडण्याचे साधन मात्र या थोर कार्याच्या तोलाचे नव्हते. प्रत्येक पान हे एक स्वतंत्र चित्र होते आणि ते पाहण्यासाठी संगणकात एक जोड-आज्ञावली बसवावी लागे. अख्खे पुस्तक एकदम उतरवून घेण्याची सरळ सोय नव्हती. ग्रंथांची नावे रोमन लिपीत, जशी सुचतील तशी नोंदविलेली. त्यामुळे नाव ठाऊक असूनही पुस्तक सापडत नसे. तेव्हा काही हौशी वाचकांनीच पाने एकामागून एक उतरवून त्यांची एक पीडीएफ बांधणाऱ्या छोट्या आज्ञावली लिहिल्या आणि एकमेकांस दिल्या. संस्थेने उभारलेल्या ग्रंथालयास दार लावले ते वाचकांनी, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

पुढे जगभरच्या न्याहाळकांनी, म्हणजे ब्राउझरांनी, अशा जोड-आज्ञावली चालविणे थांबविले. गूगलच्या क्रोमने २०१५ साली तर फायरफॉक्सने २०१७ साली. याच सुमारास स्वामित्वहक्काच्या प्रश्नामुळे हे ग्रंथालयही बंद झाले. सुदैवाने त्यातील लक्षावधी ग्रंथांच्या प्रती तोवर सॅन फ्रान्सिस्को येथील ‘इंटरनेट आर्काइव्ह’मध्ये पोचल्या होत्या. ब्रूस्टर केल यांनी १९९६ साली स्थापन केलेल्या या संस्थेची पुस्तक उघडण्याची आज्ञावली न्याहाळकातच चालते. वेगळे काही बसवावे लागत नाही. तिचा मूळ मसुदा सर्वांस खुला आहे, आणि उजवीकडून उघडणाऱ्या उर्दू-अरबी पुस्तकांची पाने उजवीकडूनच उलटण्याची सोयही तीत आहे. हे ग्रंथ आज वाचता येतात, त्याचे कारण त्यांची दुसरी प्रत दुसऱ्या ठिकाणी होती, एवढेच.

कालांतराने डेजावूही मागे पडली. इंटरनेट आर्काइव्हने २०१६ साली नव्या पुस्तकांच्या डेजावू प्रती करणे सोडून दिले. ३१ डिसेंबर २०२० रोजी ॲडोबीने ‘फ्लॅश’चा आधार काढून घेतला, तेव्हा पान उलटण्याचा आभास देणारी तिच्यावर बेतलेली अनेक नखरेल ई-पुस्तके एका रात्रीत मुकी झाली. साधी पीडीएफ मात्र टिकली.

नवे प्रवाह

२०११ च्या सुमारास ब्रिटिश लायब्ररी, ऑक्सफर्ड, स्टॅनफर्ड इत्यादी संस्थांनी एकत्र येऊन चित्रे आणि पाने परस्परांस दाखविण्याचे समान नियम ठरविले. त्यांस आयआयआयएफ म्हणतात. त्यायोगे एका ग्रंथालयातील हस्तलिखिताचे पान दुसऱ्या ग्रंथालयातील पानाशेजारी ठेवून, हवा तेवढाच भाग मोठा करून पाहता येतो. २०१४ साली सुरू झालेल्या कतार डिजिटल ग्रंथालयात अरबी शास्त्रग्रंथांची हस्तलिखिते आणि इराणी आखातासंबंधीची ब्रिटिश दप्तरे अशी पाहावयास मिळतात. आखातातील ब्रिटिश रेसिडेन्सी १८७३ पर्यंत मुंबई सरकारच्या अखत्यारीत होती. त्यामुळे आपल्या मुंबईचा इतिहासही त्या दप्तरांत दडलेला आहे.

मायदेशीही काम थांबलेले नाही. २०१३ साली सुरू झालेल्या ‘रेख्ता’ने उर्दू पुस्तकांचे मोठे भांडार वाचकांसमोर ठेवले. खरगपूरच्या आयआयटीने उभारलेले राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय २०१८ साली देशास अर्पण झाले. मराठी विकिस्रोतात तर पानाचे चित्र एका बाजूस आणि मजकूर दुसऱ्या बाजूस ठेवून कोणीही मुद्रितशोधन करू शकतो. सुट्टीत रोज एक पान शोधले, तरी मुलाचे शुद्धलेखन सुधारेल आणि एक जुने मराठी पुस्तक शोधण्याजोगे होईल.

आपले कर्तव्य

या साऱ्या इतिहासातून आपण काय घ्यावयाचे? आपल्या समाजातील शिक्षणसंस्थांच्या कपाटांत जुन्या स्मरणिका, अहवाल, शाळेची हस्तलिखित मासिके आणि वस्तीतील वाचनालयांच्या नोंदवह्या धूळ खात पडलेल्या आहेत. मुलींची पहिली शाळा कोणी काढली, जागा कोणी दिली, शिष्यवृत्ती कोणास मिळाली, हे बहुधा याच कागदांत लिहिलेले असते. मोठी ग्रंथालये ते टिपावयास येणार नाहीत. ते आपणच टिपले पाहिजेत, आणि टिपताना चार गोष्टी पाळल्या पाहिजेत.

पहिली : कागद पीडीएफसारख्या खुल्या, सर्वमान्य प्रकारात साठवावेत; एकाच कंपनीच्या साधनात उघडणाऱ्या प्रकारात नव्हे. दुसरी : नवा मजकूर युनिकोडमध्येच जुळवावा. तिसरी : नाव, वर्ष व भाषा यांची नोंद मूळ लिपीत आणि काळजीपूर्वक करावी, नोंद चुकली की पुस्तक हरवलेच म्हणून समजावे. चौथी : प्रत एकाच ठिकाणी ठेवू नये.

याबरोबर कायद्याचेही भान हवे. १९५७ च्या कायद्यानुसार आपल्या देशात लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षे स्वामित्वहक्क टिकतो. १९५० साली निवर्तलेल्या लेखकाने हयातीत प्रसिद्ध केलेले ग्रंथ १ जानेवारी २०११ पासून सर्वांचे झाले. हयात लेखकाचे पुस्तक मात्र त्याच्या अनुमतीशिवाय वाटणे हे इल्म पसरविणे नसून त्याच्या मेहनतीवर डल्ला मारणे होय. अमेरिकेत प्रकाशकांनी इंटरनेट आर्काइव्हवर भरलेल्या खटल्यात २०२३ साली आणि अपिलात २०२४ साली निकाल संस्थेच्या विरुद्ध गेला, हे विसरून चालणार नाही.

पालकांस शेवटी एवढीच विनंती की, मुलाच्या हाती मोबाईल आहे म्हणजे ग्रंथालय आहे असे समजू नये. पुस्तक कोठे शोधावे, कसे उघडावे, त्याची प्रत खरी की खोटी हे कसे पारखावे, हे त्यास शिकवावे लागते. ते घरात आणि शाळेत शिकविले गेले, तर पूर्वजांनी कपाटात जपलेले आणि जगाने पडद्यावर आणलेले, दोन्ही ज्ञान आपल्या मुलांच्या पदरी पडेल.