स्पार्टातील नागरिकसंख्येचा ऱ्हास

स्पार्टाचे नाव घेताच थर्मॉपिलीची खिंड आठवावी, हे स्वाभाविक आहे. परंतु या नगरराज्याची समाजरचना समजून घ्यावयाची तर इ. स. पू. ४८० मधील त्या पराक्रमापेक्षा इ. स. पू. ४२५ मधील स्फाक्टेरिया बेटावरील शरणागती अधिक उद्बोधक ठरते. तेथे अथेन्सच्या हाती २९२ कैदी लागले. त्यांपैकी सुमारे १२० स्पार्टाचे पूर्ण नागरिक होते. एवढ्या थोड्या माणसांसाठी ग्रीसमधील अग्रगण्य लष्करी सत्तेने वारंवार तहाची बोलणी करावी, याचा उलगडा तिच्या नागरिकत्वाच्या कल्पनेतच शोधला पाहिजे.

स्पार्टात नागरिकत्व जन्माने मिळे. ते टिकवावे मात्र द्रव्याने लागे. सातव्या वर्षापासून कठोर सामुदायिक शिक्षण, पुढे सहभोजनमंडळात प्रवेश आणि त्या मंडळास जव, मद्य, पनीर व अंजीर यांचा ठराविक वाटा, हा क्रम सर्वांवर बंधनकारक होता. वाटा देणे अशक्य झाले की राजकीय हक्क संपत. क्रीटमध्ये हा खर्च सार्वजनिक उत्पन्नातून होई, म्हणून ॲरिस्टॉटलने तेथील पद्धती अधिक चांगली मानली आहे. नागरिकांस व्यापार व कारागिरी वर्ज्य असल्याने गरिबीतून वर येण्याचा मार्गही बंदच होता.

हे सारे सैनिकी जीवन हेलटांच्या श्रमांवर उभे होते. नवे एफर अधिकारावर येताच त्यांच्याविरुद्ध दरवर्षी युद्ध पुकारीत, म्हणजे त्यांना ठार मारण्यात पातक उरत नसे. स्वातंत्र्याचे आमिष दाखवून पुढे आणलेले सुमारे २,००० हेलट नाहीसे करण्यात आल्याचे थ्युसिडिडीस सांगतो. तथापि त्याच हेलटांतील ७०० जणांना शस्त्रे देऊन इ. स. पू. ४२४ मध्ये ब्रासिडासबरोबर पाठवावे लागले. भीती आणि गरज यांची अशी सांगड क्वचितच आढळते.

आता आकडे पाहावेत. प्लाटिआच्या लढाईत, इ. स. पू. ४७९ मध्ये, ५,००० नागरिक-सैनिक उतरले होते. ल्यूक्ट्रा येथे, इ. स. पू. ३७१ मध्ये, ते केवळ ७०० होते आणि त्यांतील ४०० पडले. इ. स. पू. ४६४ च्या सुमारास झालेला भूकंप आणि दीर्घकालीन युद्धे ही कारणे खरी; पण तेवढ्याने शंभर वर्षांतील ही घट स्पष्ट होत नाही. मूळ कारण जमिनीच्या केंद्रीकरणात होते. दोन-पंचमांश भूमी स्त्रियांच्या हाती गेल्याचे ॲरिस्टॉटल सांगतो व त्यांच्यावर ठपका ठेवतो. हे काहीसे अन्यायाचे आहे, कारण वारसा आणि हुंडा यांचे नियम स्त्रियांनी केलेले नव्हते. लायकर्गसने सर्वांस समान भूखंड वाटून दिले, ही प्लूटार्कने सांगितलेली कथा तर अलीकडील संशोधनात फारशी ग्राह्य मानली जात नाही. विषमता आरंभापासूनच होती, असे मानणे अधिक युक्त दिसते.

सिनाडनच्या कटाच्या वेळी, इ. स. पू. चौथ्या शतकाच्या आरंभी, बाजारात ४,००० लोकांमध्ये जेमतेम ४० पूर्ण नागरिक मोजता आले, असे झेनोफनने नोंदविले आहे. मेसेनिया इ. स. पू. ३६९ मध्ये स्वतंत्र झाल्यावर तर सर्वांत सुपीक भूमीच गेली. पुढे चौथ्या ॲजिस राजाच्या काळी ७०० नागरिक उरले व त्यांतही जमीनधारक अवघे शंभर. त्याने कर्जमाफी आणि ४,५०० भूखंडांची वाटणी योजिली. कर्जखते जाळली गेली. जमीन मात्र वाटली गेली नाही, आणि इ. स. पू. २४१ मध्ये एफरांनी त्याला गळा आवळून ठार केले.