चाकराचे वाहन व धन्याचे काम

इंग्लंडमध्ये १८५३ साली झालेल्या आयकराच्या कायद्यात पगारदार मंडळींना दिलेल्या सवलतीचे एक कलम आहे. पदाची कर्तव्ये बजावताना पदरच्या वेतनातून करावा लागणारा प्रवासखर्च, त्या कर्तव्यांसाठी घोडा बाळगण्याचा व पोसण्याचा खर्च, आणि त्याच कर्तव्यांपायी सर्वस्वी, केवळ व अपरिहार्यपणे झालेला अन्य खर्च, एवढ्या बाबी करपात्र वेतनातून वजा करण्याची मुभा त्या कलमाने दिली. पुढे १९१८, १९५२ व १९८८ या सालांच्या कायद्यांत ही शब्दयोजना किरकोळ फेरफारांनिशी उतरत गेली. मोटार आली, विमान आले, साम्राज्य आले तसे गेलेही. परंतु त्या कलमातील घोडा विसाव्या शतकाच्या अखेरच्या पर्वापर्यंत आपल्या ठाणावर उभा होता.

या घोड्याची कायदेपंडितांनी पुष्कळ थट्टा केली आहे. तथापि इतिहासाच्या अभ्यासकास त्यात थट्टेपेक्षा अधिक काही दिसावयास हवे. चाकराने स्वतःचे जनावर किंवा यंत्र धन्याच्या कामी लावले, तर त्याचा खर्च कोणी, किती व कोणत्या पुराव्यावर द्यावा, हा प्रश्न मोटारीच्या आधीचा आहे. मोटारीच्या मैलामागे ठरावीक दराने पैसे देण्याची जी पद्धती विसाव्या शतकात सर्वत्र रूढ झाली, तिची अडचण तेलाच्या भावापुरती नाही. दर हा चालण्याचा खर्च भागवितो. वाहन मोडण्याची, मरण्याची व महाग होण्याची जोखीम मात्र तो मुकाट्याने मालक-चाकराच्याच माथी ठेवतो. हे जितके स्पष्टपणे घोडदळाच्या इतिहासात दिसते तितके कचेरीच्या दप्तरात दिसत नाही. म्हणून प्रथम घोडदळाकडे वळणे इष्ट होईल. इंग्रजी कायदा व मराठी लष्करी व्यवस्था यांचा परस्परांशी जन्यजनकसंबंध आहे, असे येथे सुचवावयाचे नाही. दोन्हीकडे प्रश्न एकच पडला, एवढेच म्हणणे आहे.

शिवकालीन घोडदळात बारगीर व शिलेदार असे दोन वर्ग होते, हे सर्वश्रुत आहे. बारगीर सरकारी पागेतील घोड्यावर बसे. शिलेदार स्वतःचा घोडा व स्वतःची हत्यारे घेऊन चाकरीस येई. सभासदाच्या बखरीत पागेची जी रचना सांगितली आहे, तीत पंचवीस बारगिरांमागे एक पखालजी व एक नालबंद अशी योजना आहे. म्हणजे घोड्याचे पाणी व घोड्याचा नाल या दोन्ही गोष्टी सरकारच्या खर्चात मोडत. शिलेदारास हे सारे आपल्या पदरचे करावे लागे. ग्रँट डफने १८२६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या इतिहासात या दोहोंच्या मासिक वेतनाचे जे आकडे दिले आहेत ते असे: बारगिरास दोन ते पाच होन, शिलेदारास सहा ते बारा होन. या आकड्यांतील अंतर चार ते सात होनांचे पडते, आणि हे अंतर हाच वस्तुतः घोड्याचा भत्ता होय. मात्र तो भत्ता म्हणून निराळा मोजलेला नाही. माणसाची मजुरी किती आणि जनावराचा खर्च किती, याची फोड वेतनात कोठेच नाही. दुष्काळात वैरण दुपटीने महागली तर तो बोजा कोणी उचलावा, याचे उत्तरही मग त्या एकत्र आकड्यात सापडत नाही.

वैरणीच्या हिशेबाचे महत्त्व राज्यकर्त्यांना ठाऊक नव्हते असे नव्हे. चिपळूणजवळच्या छावणीतील अंमलदारांना शिवाजी महाराजांनी १६७० च्या दशकात धाडलेले पत्र प्रसिद्धच आहे. पावसाळ्यासाठी केलेला दाणावैरणीचा साठा आधीच उधळला तर पुढे घोडी उपाशी मरतील आणि ती तुम्हीच मारल्यासारखे होईल, असा त्याचा इशारा आहे. हा इशारा जेथे सरकारी साठा आहे तेथे लागू पडतो. स्वतःच्या घोड्याची चिंता शिलेदाराने स्वतः वाहावी, हे त्या व्यवस्थेत गृहीतच होते.

पेशवाईत शिलेदारांना मोहिमेच्या आरंभी नालबंदी या नावाची आगाऊ रक्कम मिळे. शब्दाचा मूळ अर्थ घोड्यास नाल ठोकणे एवढाच. पण व्यवहारात तो चाकरीपूर्वीच्या तयारीच्या उचलीचा वाचक झाला. नोकरदारास मोटार वा सायकल खरेदीसाठी मिळणाऱ्या आगाऊ रकमेशी तिचे साधर्म्य सहज लक्षात येते. उचल ही मेहेरबानी नसून गरज होती. घोडा सज्ज नसेल तर शिलेदार चाकरीस निघूच शकत नसे, आणि सज्ज करावयाचा तर मोहिमेचे वेतन हाती पडण्यापूर्वीच पैसा लागे. नालबंदी अपुरी पडली म्हणजे सावकाराचे दार होतेच.

या व्यवस्थेची दुसरीही बाजू आहे, व ती नजरेआड करणे न्याय्य होणार नाही. सधन शिलेदार एक घोडा आणून थांबत नसे. तो अनेक घोडे आणी, त्यांवर आपल्या पदरची माणसे बसवी व त्या सर्वांचे वेतन सरकारातून घेई. येथे घोडा हा खर्च राहिला नाही, तो भांडवल झाला. धन्याच्या दृष्टीने म्हणूनच प्रत्येक मागणीमागे संशय उभा राही: दाखविलेला घोडा खरोखर आहे काय, आणि आहे तो तोच आहे काय? अकबराच्या कारकीर्दीत १५७० च्या दशकात घोड्यांना डाग देण्याची पद्धत जारी झाली ती याच संशयातून. मनसबदाराने हजिरीच्या दिवशी उसने तट्टू आणून चांगल्या घोड्याचा पैसा उचलू नये, हा तिचा हेतू. मोटारीच्या मैलमापकाचे आकडे वहीत उतरवून घेणारा आधुनिक हिशेबनीस त्या डागणाऱ्याचाच वारसदार म्हटला पाहिजे.

जोखमीचा प्रश्न सर्वांत उघडपणे मांडला तो रॉबर्ट ऑर्म या अठराव्या शतकातील इंग्रज इतिहासकाराने. हिंदुस्थानी सैन्यात स्वार आपला घोडा घेऊन येतो, घोड्याच्या किमतीवर त्याचे वेतन ठरते, आणि घोडा मेला की माणूस बुडतो. अशा नियमाने शक्य तितके कमी लढणे हेच शिपायाच्या हिताचे ठरते, असे त्याचे निरीक्षण आहे. ऑर्मच्या लेखनात हिंदी लोकांविषयी अनादर भरपूर आहे, आणि मराठी घोडदळाची अठराव्या शतकातील मजल पाहता हे विधान सरसकट खरे मानता येत नाही. परंतु त्यातील तर्क अचूक आहे. ज्याचे सर्वस्व वाहनात गुंतले आहे तो वाहन जपतो, आणि वाहन जपणे व काम करणे यांत विरोध आला म्हणजे काम मागे पडते. दोष त्याच्या शौर्याचा नसून कराराचा असतो.

गंमत अशी की, ज्या इंग्रजांनी या करारावर टीका केली त्यांनीच तो उचलला. कंपनीच्या अनियमित घोडदळाच्या पलटणी शिलेदारी तत्त्वावर उभ्या राहिल्या. १८१७ साली पुण्यात उभारलेले पूना हॉर्स हे त्यांपैकीच. ‘सिलेदार’ हा शब्द अपभ्रंशाने ‘सिलादार’ होऊन इंग्रजी लष्करी परिभाषेत स्थिरावला. भरती होणाऱ्या स्वाराने घोडा आणावा किंवा त्याची किंमत पलटणीत भरावी. या रकमेस असामी म्हणत व नोकरी सोडताना ती परत मिळे. वेतनातून त्याने स्वतःचे व घोड्याचे पोट भरावे आणि बंदूक-दारूगोळा सोडून बहुतेक सामान आपले आपण घ्यावे. दोन स्वारांमिळून एक गवत कापणारा व त्याचे एक तट्टू असे. सरकारास हे स्वस्त पडे, यात त्या पद्धतीच्या दीर्घायुष्याचे मुख्य कारण आहे.

तथापि मेलेल्या घोड्याचे काय, हा जुना प्रश्न येथे एका नव्या युक्तीने सोडविला गेला. स्वारांच्या पगारातून दरमहा चंदा कापून पलटणीचा निधी जमवीत, आणि त्यातून मेलेल्या वा निकामी झालेल्या घोड्याच्या जागी दुसरा घेत. एकाच्या माथ्यावरील जोखीम सर्वांत वाटली गेली. हा एक प्रकारचा विमाच होय, आणि शांततेच्या काळात तो पुरेसा पडे. मात्र त्याचा हप्ताही चाकरच भरत होता, धनी नव्हे. १९१४ साली महायुद्ध सुरू होऊन या पलटणी फ्रान्स व मेसोपोटेमियाकडे गेल्या, तेव्हा युद्धातील घोड्यांची हानी भरून काढणे कोणत्याही चंद्याच्या आवाक्यात राहिले नाही. घोडे सरकारालाच पुरवावे लागले. युद्धानंतर १९२१-२२ च्या पुनर्रचनेत एकोणचाळीस घोडदळ पलटणींच्या एकवीस झाल्या आणि शिलेदारी पद्धत संपुष्टात आली. मोठे नुकसान होताच, इतके दिवस चाकराकडे असलेली जोखीम मूळ मालकाकडे परतली, हे या प्रकरणातील सर्वांत बोलके सत्य आहे.

योगायोगाने त्याच सुमारास, १ जानेवारी १९२२ पासून, हिंदुस्थान सरकारच्या नोकरवर्गासाठी मूलभूत नियम व पूरक नियम अंमलात आले. फिरतीवरील अंमलदाराच्या प्रवासभत्त्याची मांडणी पूरक नियमांत आहे. कायम प्रवासभत्ता, वाहन वा घोडा भत्ता, मैलभत्ता, दैनिक भत्ता असे त्याचे प्रकार केलेले आहेत. घोडा येथेही आहेच. मैलभत्त्यासाठी प्रवास सर्वांत जवळच्या अथवा सर्वांत स्वस्त व्यवहार्य मार्गाने झाला असे धरावयाचे, असा दंडक आहे. त्यामुळे चाकाखालचा रस्ता व बिलातला रस्ता हे दोन निराळे रस्ते होण्याचा संभव सदैव राहतो. ओढ्याला पूर आला म्हणून घातलेला वळसा मंजूर करून घेण्यात कारकुनाची जेवढी शाई जाते तेवढ्यात कित्येकदा तो वळसाच निघाला असता.

परंतु सर्वांहून महत्त्वाचे आहे ते मूलभूत नियमांतील चव्वेचाळिसाव्या नियमाचे तत्त्व. भरपाईचा भत्ता असा ठरवावा की तो घेणाऱ्यास एकंदरीत नफ्याचे साधन होऊ नये, असे तो नियम सांगतो. तत्त्व निर्दोष आहे. सधन शिलेदाराचा अनुभव पाहता आवश्यकही आहे. तो भत्ता तोट्याचे साधन होऊ नये, असे मात्र त्या वाक्यात म्हटलेले नाही. नियम करणाऱ्यांच्या मनात कोणत्या बाजूचे भय होते ते यावरून दिसते. स्वतंत्र भारताच्या १९६१ च्या आयकर कायद्याने आपल्या मूळ रूपात, नोकरीच्या कामासाठी स्वतःचे वाहन वापरणाऱ्या पगारदारास देखभाल व झीज यांपोटी वजावट दिली होती. झीज हा शब्द कायद्यात आला, ही लहान गोष्ट नव्हे. पुढे १९७४ साली प्रमाणित वजावट आली आणि ही स्वतंत्र वजावट तीत विरून गेली.

आता पुन्हा इंग्लंडातील त्या घोड्याकडे. न्यायालयांनी त्या कलमाचा अर्थ अत्यंत चिंचोळा केला. रिकेट्स विरुद्ध कोल्कहून या खटल्यात उमरावसभेपुढे आलेला गृहस्थ लंडनमध्ये वकिली करी व पोर्ट्‌समथ येथे रेकॉर्डर या न्यायाधीशपदावर होता. लंडनहून पोर्ट्‌समथला जाण्याचा खर्च त्यास मिळाला नाही. त्या पदावर येणाऱ्या कोणालाही जो खर्च अपरिहार्य आहे तोच ग्राह्य. लंडनला राहणे ही या विशिष्ट इसमाची सोय, पदाची गरज नव्हे, असा निर्णय झाला.

या निर्णयाची धार बोथट झाली ती १९६९ साली, पूक विरुद्ध ओवेन या खटल्यात. वेल्समधील फिशगार्ड येथे राहणारा एक डॉक्टर पंधरा मैलांवरील हॅव्हरफर्डवेस्टच्या रुग्णालयात अर्धवेळ काम करी. तातडीच्या प्रसंगी दूरध्वनी येताच तो सूचना देई व गरज पडल्यास स्वतःच्या मोटारीने निघे. रुग्णालय त्यास मैलामागे ठरावीक दराने पैसे देई, परंतु एका खेपेस दहाच मैलांचे. उरलेल्या पाच मैलांचा खर्च त्याच्या खिशातून जाई. करखात्याचे म्हणणे असे की, मिळालेले पैसे हे वेतनच होय व खर्चाची वजावट मुळीच देता येत नाही. उमरावसभेने बहुमताने ठरविले की, दूरध्वनी घेताच डॉक्टरचे काम सुरू होते, सबब घर व रुग्णालय ही दोन्ही त्याच्या कामाचीच ठिकाणे ठरतात. मिळालेला मैलभत्ता हा खर्चाचा परतावा होय, वेतन नव्हे. आणि वरच्या पाच मैलांचा खर्चही वजावटीस पात्र आहे.

येथे कलमाने प्रथमच धन्याच्या दराच्या पलीकडे पाहिले. परंतु प्रत्येक डॉक्टरच्या प्रत्येक खेपेचा असा न्यायनिवाडा करणे कोणत्याही करखात्यास परवडणारे नव्हते. २००१ च्या वित्त कायद्याने हा वाद एका आकड्यात गोठविला. एप्रिल २००२ पासून स्वतःच्या मोटारीस वर्षातील पहिल्या १०,००० मैलांपर्यंत मैलामागे ४० पेन्स व त्यापुढे २५ पेन्स ही करमुक्त मर्यादा झाली. सायकलीसाठी २० पेन्स ठरले. एप्रिल २०११ मध्ये ४० चे ४५ झाले आणि त्यानंतर दहा वर्षांहून अधिक काळ तो आकडा जागचा हलला नाही. मधल्या काळात तेलाचे, विम्याचे व मोटारींचे भाव कोठे गेले ते कोणास सांगावयास नको. धनी या दराहून कमी देत असेल तर फरकाची रक्कम चाकराने आपल्या करपात्र उत्पन्नातून वजा करावी, अशी सोय आहे. ती रक्कम त्यास मिळत नाही; तिच्यावरील कर तेवढा वाचतो. शेकडा वीसच्या दराने कर भरणाऱ्या चाकरास धन्याने मैलामागे १५ पेन्स कमी दिले, तर त्यांपैकी तीन पेन्स सरकारकडून परत येतात व बारा त्याच्या पदरचे जातात.