आखातातला कोकणी रमजान

१९७३-७४ मध्ये तेलाचे भाव चौपट झाले. त्यानंतर रत्नागिरी-रायगडच्या मोहल्ल्यांतले तरुण मोठ्या संख्येने आखातात गेले. पुढे काहींनी बायको-मुलेही नेली. तिथे या कुटुंबांना रमजान नव्याने शिकावा लागला.

गावी रोजा ठेवूनही शेती, मासेमारी, दुकान नेहमीच्याच वेळी चाले. सौदीत मात्र महिनाभर दिनक्रम उलटतो. दुपारी बाजार सुस्त, तरावीहनंतर मध्यरात्र उलटेपर्यंत गजबज. २००५ च्या सौदी कामगार कायद्यात मुस्लिमांसाठी रमजानमध्ये दिवसाला सहा तास किंवा आठवड्याला ३६ तास कामाची मर्यादा आहे. ईद मात्र बहुधा गावाच्या एक दिवस आधी येते. म्हणजे एकाच घराचा सण दोन तारखांना.

पण ही सवलत सगळ्यांना मिळाली नाही. घरकामगार आणि घरगुती ड्रायव्हर या कायद्याबाहेरच ठेवले गेले. त्यांत आपलीही माणसे होती. इफ्तारचा दस्तरखान त्यांच्याच हातांनी सजतो, म्हणून नेमके याच महिन्यात त्यांचे काम वाढते. रोजा सर्वांचा सारखा, मग विसावा काहींनाच का? आखाताने आपल्याला पैसा दिला, हे आपण अभिमानाने सांगतो. स्थलांतराच्या इतिहासात हा प्रश्नही नोंदवायला हवा.