दर्या, दऱ्या आणि सोपी लिपी

पाचूबंदरच्या कोळीवाड्यातून, सुकत घातलेल्या मासळीच्या ओळी मागे टाकून वसईच्या किल्ल्यात शिरले की पडक्या चर्चच्या जमिनीत बसवलेल्या थडग्यांच्या शिळा दिसतात. त्यांवरचा मजकूर पोर्तुगीज भाषेतला, पण अक्षरे रोमन. शाळेत जाणारे कोणतेही कोळ्याचे पोर ती अक्षरे लावू शकते. अर्थ कळला नाही तरी नाव वाचता येते. याच किल्ल्यासाठी चिमाजी आप्पांच्या फौजेने जी झुंज दिली आणि मे १७३९ मध्ये जी संपली, तिची पत्रे मात्र मराठीत आहेत, आणि तरीही त्या पोराला, त्याच्या शिक्षकाला आणि खरे सांगायचे तर आम्हांलाही ती मुळातून वाचता येत नाहीत. ती मोडीत आहेत. परक्याची अक्षरे वाचता यावीत आणि आपल्या भाषेची वाचता येऊ नयेत, असे का झाले, याचा विचार करू लागलो तेव्हा ध्यानात आले की ही सगळी गोष्ट 'सोपे' या एका शब्दाभोवती फिरते.

मोडी मुळात सोयीसाठीच रुळली. हेमाडपंतांनी ती प्रचारात आणली अशी परंपरा सांगते. ते काही असो, तिची रचना कारकुनाच्या हाताला धरून आहे. आधी शिरोरेघ ओढून ठेवायची आणि तिच्याखाली बोरू होता होईतो न उचलता लिहीत जायचे. ऱ्हस्व-दीर्घाचा घोळ नाही. छावणीतून रोज पत्रे रवाना करणाऱ्या राज्याला याहून सोयीचे साधन कोणते मिळणार? पण ही सोय लिहिणाऱ्याची होती. वाचणाऱ्याला सराव लागे, संदर्भ लागे, कधी लिहिणाऱ्याच्या हाताचे वळण ओळखीचे असावे लागे. पोथ्या म्हणूनच बालबोधीत राहिल्या आणि व्यवहार मोडीत गेला. कित्येक शतके हे दोन्ही सुखाने नांदले.

दुसरी सोय छापणाऱ्याची. फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यास आले. ५ डिसेंबर १६०८ रोजी रोमला आपल्या वरिष्ठांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी या भूमीच्या भाषेत आणि तिच्याच लिपीत पुस्तक छापण्याची आपली जुनी इच्छा मांडली आहे. अडचण अशी, की युरोपात चोवीस अक्षरांत भागते, इथे मात्र सुमारे सहाशे साचे हवेत.  ते खिळे काही पडले नाहीत. १६१६ साली त्यांचे ख्रिस्तपुराण छापले गेले ते रोमन लिपीत. जवळजवळ अकरा हजार ओव्यांचा मराठी ग्रंथ, ज्ञानोबा-एकनाथांच्या छंदातला, आणि त्या छंदात वाढलेल्या बहुसंख्य वाचकांना न वाचता येणाऱ्या अक्षरांतला! ट आणि त, ड आणि द यांतला भेद दाखवण्यासाठी दुहेरी अक्षरांसारख्या युक्त्या योजाव्या लागल्या. आमच्या उत्तर कोकणच्या बोलीतही फ्रान्सिस्को वाझ द गिमाराइस यांचे पुराण त्याच शतकात रचले गेले, तेही रोमन लिपीतच. वसई तेव्हा पोर्तुगिजांच्या उत्तर प्रांताचे मुख्य ठाणे होती. सोप्या मार्गाने पुस्तक निघाले खरे, पण ते मराठी वाङ्मयाच्या मुख्य प्रवाहापासून साडेतीनशे वर्षे दूर राहिले. शांताराम बंडेलू यांनी १९५६ साली देवनागरीत आवृत्ती काढली, तेव्हा कुठे सामान्य मराठी वाचकाच्या हाती ते पडले.

तिसरी सोय शाळेची आणि छापखान्याची. विल्यम कॅरी यांचे मराठी व्याकरण १८०५ साली श्रीरामपुरात निघाले ते देवनागरीत, पण १८१० सालचा त्यांचा मराठी शब्दकोश मोडी खिळ्यांत छापला गेला. म्हणजे छापखाना आला म्हणून मोडी मेली, हे खरे नव्हे. मोडीचे खिळेही पाडता येत होते. पण एकाच भाषेसाठी दोन लिप्यांचे खिळे सांभाळण्यापेक्षा एकच लिपी बरी, हा हिशेब कोणाही छापखानदाराला पटणारा होता. पाठ्यपुस्तके, वर्तमानपत्रे, पंचांगे बालबोधीत गेली. मोडी दप्तरात आणि खतावण्यांत तग धरून राहिली आणि विसाव्या शतकाच्या मध्यास शाळेतूनही उठली. पुण्याच्या पुराभिलेखागारात कोट्यवधी मोडी कागद आहेत आणि ते सहज वाचणारी माणसे मोजकी. वसईच्या मोहिमेविषयी आपल्याला जे ठाऊक आहे ते राजवाडे, पारसनीस, सरदेसाई यांच्यासारख्यांनी मोडीतून बालबोधीत उतरवून छापले म्हणून. जे त्यांच्या हाती आले नाही किंवा त्यांनी निवडले नाही, ते आपल्यापुरते अजून घडलेलेच नाही.

चौथी सोय आमच्या डोळ्यांदेखत झाली. संगणकावर मराठी आली ती प्रत्येक कंपनीच्या वेगळ्या फॉन्टमधून. एकाच्या यंत्रावर लिहिलेला लेख दुसऱ्याच्या यंत्रावर इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा होऊन उघडे. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे. ती हळूहळू सर्वत्र रुळली आणि हा जाच संपला. स्टीफन्सना सहाशे साचे भिववीत होते. इथे देवनागरीचा मुख्य तक्ता १२८ घरांचा आहे आणि जोडाक्षरे यंत्र स्वतः जुळवते. चारशे वर्षांपूर्वीचे मागणे असे पुरे झाले.

परंतु या सोयीचीही किंमत होती. आरंभीच्या काळात चंद्रकोरीसारखा रकार उमटवणे हे एक दिव्यच असे. पाचूबंदरचा माणूस ज्यावर जगतो तो दर्या, आणि डोंगरांमधल्या त्या दऱ्या. उच्चार वेगळा, अर्थ वेगळा. पण यंत्राला हा मराठी भेद सहजी कळत नसे. मराठी माणसांनी तक्रार केली, युक्त्या शोधल्या, तेव्हा तो टिकला. आणि जुन्या फॉन्टमधले लिखाण? आमच्याच जुन्या टिपणांची एक तबकडी आज अक्षरशः मोडीसारखी झाली आहे: मजकूर आहे, वाचता येत नाही. मोडीला हे व्हायला शतक लागले, आम्हांला पंधरा वर्षे पुरली.

म्हणून सोप्याला विरोध करावा, असे आमचे म्हणणे नाही. अवघडाचा अभिमान ज्यांना परवडतो त्यांनी तो खुशाल बाळगावा. लिहू इच्छिणाऱ्या बहुतेकांना सोपेच हवे असते आणि ते रास्त आहे. आमचा प्रश्न एवढाच, की घर बदलताना सामान कोण वाहणार? दर वेळी नव्या घराची किल्ली सगळ्यांना मिळते आणि जुन्या घरातले सामान आणण्याचे काम दोन-चार वेड्या माणसांवर पडते. जून २०१४ मध्ये युनिकोडने मोडीलाही जागा दिली. आता मोडी कागद संगणकावर मोडीतच लिहिता येईल. पण आधी तो कोणीतरी वाचायला हवा.

मोडीचे वर्ग आज ठिकठिकाणी चालतात. वसईच्या एखाद्या शाळेने किल्ल्याच्या सहलीआधी आठ दिवस मुलांना मोडीची बाराखडी शिकवली, तर थडग्यावरचे पोर्तुगीज नाव वाचणारे पोर त्याच दिवशी आप्पांच्या पत्रातला 'वसई' हा शब्दही लावील. आम्हीही बाराखडीपासून आरंभ केला आहे. 'वसई' लागतो, पुढची ओळ अजून लागत नाही.